खडे बाजार दोन आहेत, आणि वही एकाच्याच हातात: डिलिव्हरीवाल्यांच्या हिशोबामागची गोष्ट

बेळगावात खडे बाजार दोन आहेत, एक गावातला आणि एक शहापुरातला, आणि हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं तर ॲपला कुठून माहीत असणार. माझा मावसभाऊ पार्सल पोचवायचं काम करतो. गेल्या पावसाळ्यात त्याला शहापूर खडे बाजारचं एक पार्सल लागलं आणि नकाशावरची पिन पडली गावातल्या खडे बाजारात. भर गर्दीत गाडी लावून हा दुकानं विचारत फिरतोय, शेवटी फोन लागला तर कस्टमर म्हणतो अहो मी शहापूरला आहे की, इकडं या. मग कपिलेश्वर पूल ओलांडून, भिजत पोचला तोवर वेळ संपलेली, ॲपनं ‘उशीर’ लावला, त्या आठवड्याचा इन्सेन्टिव्ह गेला आणि पेट्रोल पदरचं. तक्रार टाकली तर दोन दिवसांनी उत्तर आलं: आमच्या रेकॉर्डप्रमाणे लोकेशन बरोबर आहे.

‘आमच्या रेकॉर्डप्रमाणे’. हे दोन शब्द नीट बघा. ब्लॉकचेन (म्हणजे सगळ्यांकडं एकच प्रत असलेली, मागून खोडता न येणारी कॉम्प्युटरवरची वही) आणली तर डिलिव्हरीवाल्यांना न्याय मिळेल असं जे अधूनमधून ऐकायला येतं त्याचं मूळ इथंच आहे, कारण रेकॉर्ड एकाकडं, भांडण दोघांत, आणि निकाल देणारा पण तोच ज्याच्याकडं रेकॉर्ड.

दोन खडे बाजार का झाले ते आधी सांगून टाकतो. शहापूर सांगली संस्थानात होतं, पटवर्धनांचं, आणि बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे आज एका रस्त्याच्या अंतरावर असलेली गावं तेव्हा दोन राज्यांत होती आणि दोन्हीकडं आपापला बाजार होता. पुढं संस्थान विलीन झालं, १९५६ ला हा सगळा भाग म्हैसूर राज्यात गेला, १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला (तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, शिवाय संस्कृत कवी), २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. पिनकोडनं तरी घोळ बराच मिटवला, गावाला ५९०००१ आणि शहापूरला ५९०००३. पोस्टमनला तर तेवढ्याची पण गरज नव्हती, त्याला आडनावावरून गल्ली कळायची. ॲपला पिनकोड पण दिसतो आणि आडनाव पण, तरी तो नकाशावरच्या टिंबावर विश्वास ठेवतो.

आता खरी पार्श्वभूमी. ती बेंगळुरूला नाही आणि अमेरिकेत तर नाहीच, ती इथून तासाभरावर निपाणीत आहे.

निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. विडी वळणाऱ्या बायकांना पगार नव्हता, हजारी दर होता, हजार विड्यांना इतके. पान-तंबाखू ठेकेदार मोजून द्यायचा, पान खराब निघालं आणि कमी पडलं तर बाईनं पदरचं घालायचं. संध्याकाळी माल घेऊन गेलं की ठेकेदार विड्या तपासायचा आणि ‘छाट’ काढायचा. छाट म्हणजे नापास विडी. तिचे पैसे नाहीत, आणि ती विडी परत पण मिळत नाही, ठेकेदाराकडंच राहते. छाट किती काढायची हे त्याच्या मर्जीवर, आणि वहीत काय लिहिलं ते बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं.

आता यातलं पान काढा आणि पेट्रोल घाला, हजारी काढा आणि पर ऑर्डर घाला, छाट काढा आणि ‘फेल्ड डिलिव्हरी’ घाला. काही वेगळं राहतं का? मला तरी दिसत नाही. फरक एवढाच की ठेकेदाराच्या तोंडावर निदान बोलता यायचं.

यावर इलाज म्हणून १९६६ ला विडी-सिगार कामगारांचा कायदा आला. त्याखाली छाटीला मर्यादा घालणारे नियम झाले, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात तिची स्वतःची लॉगबुक आली, किती पान दिलं, किती विड्या घेतल्या, किती पैसे दिले. कंपन्या याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९७४ ला कायदा टिकला. पुढं १९७६ ला विडीवर सेस, म्हणजे कामगारांच्या कल्याणासाठीचा जादा कर, बसला आणि त्यातून दवाखाने, घरं, पोरांच्या शिष्यवृत्त्या. पण कागदावरची लॉगबुक हातात पडायला निपाणीत संघटना बांधावी लागली, प्रा. सुभाष जोशींची चिकोडी तालुका कामगार महासंघ त्यातूनच उभी राहिली. शेतकऱ्यांचं तर १९८१ चं तंबाखू आंदोलन सगळ्यांना माहीत आहे, शरद जोशी, हायवेवर ठाण मांडून बसलेली माणसं आणि ६ एप्रिलचा गोळीबार. भाव आणि वजन दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं ते या भागाला शिकवायला नको, आजही उसाच्या काट्यावर उभ्या शेतकऱ्याला विचारा काटामारी म्हणजे काय.

सेसचं पुढं काय झालं ते पण ऐका. जीएसटी आला आणि १ जुलै २०१७ पासून विडीचा सेस बंद झाला. एका फटक्यात.

तिकडं महाराष्ट्रात १९६९ ला माथाडी कायदा झाला. हमाल एका मालकाचा नसतो, आज या गाळ्यावर उद्या त्या, म्हणून मालकांनी मजुरीवर लेव्ही (जादा वर्गणी) मंडळात भरायची आणि मंडळानं हमालाचा पगार, पीएफ बघायचा. नोकरी नसलेल्याला नोकरीचे फायदे द्यायचे कसे याचं हे पन्नास वर्षांपूर्वीचं उत्तर. पण तो कायदा महाराष्ट्राचा, सीमा ओलांडून इकडं आला नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातला हमाल आणि आमच्याकडचा हमाल, पोतं तेच, पाठ तीच.

मग आले ॲप. २०१० ला फ्लिपकार्टनं कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली तेव्हा पार्सलवाला रोकड सांभाळणारा माणूस झाला, दिवसाच्या शेवटी पैसे कमी भरले तर त्याच्या अंगावर. पुढं जेवण, मग किराणा, मग दहा मिनिटात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार (पगारावर नाही, कामागणिक पैसे मिळणारे) धरलेत आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. दर मात्र कंपनी ठरवते आणि कंपनी बदलते. एप्रिल २०२३ ला दिल्ली-गुरुग्राम भागात ब्लिंकिटच्या रायडर लोकांनी काम बंद ठेवलं ते ऑर्डरचा किमान दर २५ वरून १५ रुपयांवर आला म्हणून.

आता ब्लॉकचेन. याची सुरुवात पैशापासून झालेली नाही, तारखेपासून झालीय. १९९१ ला स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी प्रश्न घेतला की कॉम्प्युटरवरच्या कागदाची तारीख कुणी मागंपुढं केली तर ओळखायचं कसं. उत्तर असं की प्रत्येक नोंदीचा एक गणिती ठसा काढायचा आणि तो पुढच्या नोंदीत घालायचा, म्हणजे मधली एक नोंद खोडली की पुढचे सगळे ठसे जुळेनात. आणि गंमत म्हणजे १९९५ पासून तो ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातीत छापायला लागले. एकदा पेपरात आलं की कोण बदलणार? आपल्याकडं तरुण भारतात जाहीर नोटीस देतात तसंच झालं. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावानं बिटकॉइनचा कागद आला त्यातल्या आठ संदर्भांपैकी तीन याच दोघांचे आहेत.

दुसरा धागा निक झाबो या कॉम्प्युटरवाल्याचा, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, नव्वदच्या दशकातला. नाणं टाकलं की मशीन वस्तू देतं, मध्ये माणूस नाही, तसा करार. ३० जुलै २०१५ ला इथेरियम ही असे करार चालवणारी ब्लॉकचेन सुरू झाली आणि हे प्रत्यक्षात करता यायला लागलं. डिलिव्हरीला ते लावायची कल्पना सरळ आहे, कस्टमरचे पैसे आधी कुलूपबंद, ओटीपी टाकला की रायडरचा वाटा थेट त्याच्याकडं, दर आधीच लिहिलेला, मागून बदलला तर सगळ्यांना दिसणार, आणि रेटिंग रायडरच्या मालकीचं, कंपनी बदलली तरी सोबत. ऐकायला लई भारी.

झालं काय? २०१६ ला अमेरिकेत ऑस्टिन शहरातून उबर आणि लिफ्ट निघून गेल्या तेव्हा आर्केड सिटी नावाच्या गटानं ड्रायव्हर-प्रवासी थेट जोडले, ब्लॉकचेनची स्वप्नं दाखवली, पण गाडी चालली ती मुख्यतः फेसबुक ग्रुपवर. मालवाहतुकीत मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स, ब्लॉकचेनवरची वही, २०१८ ला मोठ्या थाटात आलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरला बंद करतोय म्हणून जाहीर झालं, कारण एका कंपनीच्या वहीत बाकीचे स्पर्धक मनापासून लिहायला तयार नव्हते. जे टिकलं त्यात ब्लॉकचेन नाही हे विशेष. बेल्जियमची जेवण पोचवणारी टेक ईट इझी २०१६ ला बुडाली, सायकलवाल्यांचे पैसे अडकले, त्यानंतर फ्रान्समधून कूपसायकल उभी राहिली, रायडरच्या सहकारी संस्थांनी मिळून वापरायचं सॉफ्टवेअर. आपल्याकडं बेंगळुरूची नम्मा यात्री, रिक्षावाल्याकडून कमिशन नाही, ते पण खुल्या नेटवर्कवर. आणि भारतात टोकनमध्ये (म्हणजे क्रिप्टो नाण्यात) मजुरी द्यायची म्हटली तर १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, रायडरनं पार्सल पोचवायचं का सीए गाठायचा?

पण माझ्या मते मुख्य अडचण वेगळीच आहे. साखळी खोडाखोड धरते, खोटं धरत नाही. मावसभावाचं रेकॉर्ड कुणी बदललं नव्हतं, ते लिहितानाच चुकलं होतं. चुकीचा खडे बाजार ब्लॉकचेनवर घातला असता तर तो कायमचा, न पुसता येणारा चुकीचा खडे बाजार झाला असता. काट्यात खोट असेल तर पावती सोन्याच्या पत्र्यावर छापली तरी वजन तेच येणार.

नोंद कशी होते यात हात घातला तो कोर्टांनी आणि कायद्यांनी. ३१ डिसेंबर २०२० ला इटलीत बोलोन्याच्या कोर्टानं डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा अल्गोरिदम भेदभाव करतो म्हणून निकाल दिला, कारण आजारी म्हणून न आलेला आणि उगाच न आलेला दोघांना तो एकाच मापानं मोजत होता. स्पेननं २०२१ ला रायडर कायदा केला. आपल्याकडं गिग कामगारांसाठी कायदा करण्यात राजस्थान पहिला, २०२३ ला. आणि २०२५ ला कर्नाटकचा कायदा आला, आधी मे महिन्यात अध्यादेश, मग विधिमंडळात मंजुरी. प्रत्येक व्यवहारात कामगाराला जे मिळतं त्याच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीनं भरायचं, कामावरून काढायचं तर १४ दिवसांची नोटीस, ॲप कसं ठरवतं हे सांगायची जबाबदारी, आणि सगळी पेमेंट सरकारी पडताळणी सिस्टीममध्ये दिसली पाहिजेत. ही शेवटची गोष्ट म्हणजे दुसरी वही. निपाणीची लॉगबुकच, फक्त ऑनलाइन, आणि तिला ब्लॉकचेन लागलेली नाही.

म्हणजे माथाडीच्या वेळी आम्ही मागं राहिलो आणि या वेळी सीमेच्या या बाजूचा कायदा आधी आला, हे कबूल करायला आमच्यातल्या काही जणांना जड जातं पण आहे ते आहे. फक्त या कायद्याचं मंडळ बेंगळुरूला, इथून पाचशे किलोमीटर. आणि मावसभावाची आणखी एक शंका आहे. त्याला कधीकधी शिनोळीची ट्रिप लागते, गाडी केए २२, उचलायचं बेळगावात, टाकायचं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, पिनकोड ४१६ नं सुरू होणारा. ही ट्रिप कर्नाटकाच्या वहीत चढते का बघायला म्हणून त्यानं परवापासून अशा ट्रिपांचे स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरात ठेवायला घेतलेत, आत्तापर्यंत अकरा झालेत.