पर्यटन पुनरुज्जीवन धोरण, महासाथोत्तर (मुंबई)

कोविड-१९ च्या महासाथीत ठप्प झालेला पर्यटन व्यवसाय पुन्हा उभा करण्यासाठी केंद्र व राज्य शासनाने साधारणतः २०२० ते २०२२ या काळात घेतलेल्या निर्णयांचा समुच्चय. भारतात २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२० मध्ये ही संख्या सुमारे २७ लाखांवर आली.

धोरणाचा आरंभ काही अभ्यासक जून २०२० च्या टाळेबंदी-शिथिलीकरणापासून मानतात. त्या मोहिमेला मराठीत ‘पुनश्च हरि ओम’ म्हटले गेले. हे शब्द लोकमान्य टिळकांनी तुरुंगवासानंतर, १८९९ च्या सुमारास, ‘केसरी’त वापरले होते. मात्र ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने निवासी हॉटेले आणि ५ ऑक्टोबरपासून ५० टक्के क्षमतेने उपाहारगृहे उघडणे ही मुख्यतः आरोग्यविषयक नियमनाची पावले होती. पर्यटन धोरण म्हणून आरंभ धरायचा, तर आतिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचा राज्य शासनाचा डिसेंबर २०२० चा निर्णय अधिक ग्राह्य वाटतो.

या दर्जाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. तो तत्त्वतः १९९९ मध्येच मिळाला होता, पण त्याचे लाभ पदरात पडले नाहीत, असे हॉटेलचालकांच्या संघटना सांगत आल्या. नव्या निर्णयानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेल्या पात्र हॉटेलांना १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर इत्यादींची आकारणी व्यावसायिक दराऐवजी औद्योगिक दराने व्हावयाची होती. मुंबईत पाणीपट्टी व मालमत्ता कर महानगरपालिका आकारते, तर वीजदर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे एका शासन निर्णयाने दर आपोआप बदलत नाहीत, प्रत्येक यंत्रणेची स्वतंत्र कार्यवाही लागते. या धोरणाचे यशापयश तपासताना हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. याच सुमारास आतिथ्य व्यवसायासाठी लागणाऱ्या परवान्यांची संख्या सुमारे ७० वरून १० वर आणण्याचेही ठरले.

परदेशी पाहुण्यांची वाट न पाहता शहरातल्याच लोकांना शहर दाखवण्याचा प्रयत्नही झाला. महानगरपालिका मुख्यालयाची मार्गदर्शित वारसा फेरी जानेवारी २०२१ मध्ये, तर उच्च न्यायालयाच्या इमारतीची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली.

जून २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त पर्यटन व्यावसायिकांना १० लाख व नोंदणीकृत मार्गदर्शकांना १ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची हमी दिली. पहिले ५ लाख पर्यटक व्हिसा निःशुल्क ठेवले. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. केंद्राच्या कर्जहमीची अट मात्र मान्यतेची वा नोंदणीची होती. गेटवे ऑफ इंडियासमोर छायाचित्रे काढून देणारे किंवा घारापुरीच्या पायऱ्यांवर टोप्या, माळा विकणारे यांचा व्यवसायही पर्यटकांवरच चालतो, परंतु योजनेच्या वर्गवारीत ते बसत नव्हते. घारापुरीला जाणाऱ्या लाँच मुंबईहून सुटत असल्या, तरी ते बेट प्रशासकीयदृष्ट्या रायगड जिल्ह्यात मोडते.