सेमिनरी हिल्सचा चढ आणि घसरणारा क्लच

मार्चच्या शेवटी बाबांची जुनी शंभर सीसीची फोरस्ट्रोक घेऊन सेमिनरी हिल्सच्या चढाला लागलो, मागे बायको बसलेली, चौथा गिअर टाकून मूठ पिळली आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी मात्र होती त्याच स्पीडवर. नागपूर सगळं सपाट, चढ म्हणावा असा हाच एक नाहीतर उड्डाणपूल, त्यामुळे हा रोग किती दिवसांपासून होता कोण जाणे, आम्हाला त्या दिवशी कळला.

मिस्त्रीने गाडी पाहिलीही नाही, आवाजाचं वर्णन ऐकूनच सांगितलं, "प्लेटा गेल्या भाऊ तुमच्या, पुरा सेट टाका लागते." बरेचदा हे खरंही असतं. पण क्लच घसरला म्हणजे प्लेटाच गेल्या, त्या घासून गुळगुळीत झाल्या म्हणून पकड सुटली, ही जी आपल्या सगळ्यांची समजूत आहे ना, ती अर्धीच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात फार सुंदर भौतिकशास्त्र आहे, म्हणून हा लेख.

आधी क्लच म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिन फिरतंय आणि चाक थांबलेलं आहे, या दोघांना झटका न देता जोडायचं आणि हवं तेव्हा सोडवायचं. मोटरसायकलमध्ये हे काम उजव्या साईड कव्हरच्या आत, इंजिनच्याच तेलात बुडालेल्या प्लेटांची एक चळत करते. काही प्लेटांवर घर्षणाचं मटेरियल चिकटवलेलं असतं (पूर्वी बूच म्हणजे कॉर्क असायचा, आता कागदासारखं तंतूंचं मटेरियल असतं), त्यांचे दात बाहेरून बास्केटमध्ये, म्हणजे चळतीभोवतीच्या खाचांच्या डब्यात अडकतात आणि हे बास्केट इंजिनमुळे फिरतं. त्यांच्यामध्ये एकाआड एक साध्या पोलादी प्लेटा, त्यांचे दात आतून मधल्या हबमध्ये, आणि हब गिअरबॉक्सला जोडलेला. वरून स्प्रिंगा सगळी चळत दाबून धरतात. लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब निघतो, प्लेटा सुट्या होतात, बस.

आता मला आवडणारा प्रश्न. इतक्या प्लेटा कशाला? कोणालाही विचारा, उत्तर येते की जास्त प्लेटा म्हणजे जास्त पृष्ठभाग, म्हणून जास्त घर्षण. पण शाळेत शिकलेलं आठवा, घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. फ्रान्सच्या अमोंताँने १६९९ मध्ये हे मांडलं, त्याच्याही दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये ते आहे. वीट आडवी ओढा की उभी ओढा, लागणारा जोर साधारण तोच, कारण डोळ्याला सपाट दिसणारे पृष्ठभाग खरे फक्त बारीक बारीक टेकड्यांच्या टोकांवर टेकलेले असतात आणि त्या टोकांचं एकूण क्षेत्र ठरतं वरच्या दाबावरून, विटेच्या आकारावरून नाही. मग प्लेटा वाढवून मिळतं काय?

इतवारीतल्या कापडाच्या दुकानात साड्यांची चळत असते ती डोळ्यासमोर आणा. वर दहा किलोचं वजन ठेवलं तर ते सगळ्यात वरच्या साडीवर पडतं, तिच्या खालच्या साडीवर पडतं, तिच्याही खालच्या साडीवर पडतं, असं तळापर्यंत. आठ साड्यांमध्ये दहा किलो वाटले जात नाहीत, प्रत्येकीला पुरे दहाच्या दहा किलो मिळतात. आता एकाआड एक साड्या एका माणसाने डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे ओढल्या तर जितक्या जागी साडीला साडी लागली आहे तितक्या वेळा ते घर्षण मोजलं जाणार. क्लचमध्ये हेच होतं. स्प्रिंग एकच दाब देते आणि तो दाब प्रत्येक जोडीत नव्याने वापरला जातो. चार घर्षण प्लेटा म्हणजे आठ पृष्ठभाग, म्हणजे त्याच स्प्रिंगांवर आठपट काम. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतकं ते साधं आहे.

मग क्लच किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलू शकतो याचं गणित होतं चार गोष्टींचा गुणाकार: घर्षणांक (पृष्ठभागांची पकड सांगणारा आकडा), पृष्ठभागांची संख्या, स्प्रिंगांचा दाब आणि प्लेटेची सरासरी त्रिज्या. शंभर सीसीच्या गाडीसाठी ढोबळ आकडे घेऊ. इंजिनचा टॉर्क ८ न्यूटन-मीटर, मधल्या प्रायमरी गिअरमुळे क्लचपर्यंत येताना तो समजा ३.७ पट होतो, म्हणजे साधारण ३० न्यूटन-मीटर. एवढं क्लचने धरलं पाहिजे. तेलातल्या प्लेटांचा घर्षणांक ०.१२ धरा, पृष्ठभाग ८, त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, स्प्रिंगांचा एकूण दाब १००० न्यूटन, म्हणजे जवळपास १०० किलो. गुणाकार येतो ४३. गरज ३० ची, ताकद ४३ ची, वरचे १३ म्हणजे शिल्लक. हेच काम एकाच प्लेटेने, म्हणजे दोनच पृष्ठभागांनी करायचं तर स्प्रिंगांचा दाब ४०० किलो लागला असता, आणि मग दर सिग्नलला तो लिव्हर दाबायचा कोणी?

आता या गणितात दोष घालून पाहू. प्लेटा झिजल्या तर? इथेच ती अर्धी समजूत आहे. प्लेट झिजली की घर्षणांक फारसा बदलत नाही, प्लेट पातळ होते. चार प्लेटा प्रत्येकी ०.३ मिलिमीटर झिजल्या तर चळत १.२ मिलिमीटरने बुटकी झाली, म्हणजे स्प्रिंग तेवढी सैल झाली. स्प्रिंग बसवताना ८ मिलिमीटर दाबलेली असेल तर १५ टक्के दाब गेला, १००० चे राहिले ८५०. म्हणजे झीज होते प्लेटेची आणि ताकद जाते स्प्रिंगेची. ताकद आली ३७ वर, तरी गाडी घसरत नाही. दुसरं, तेल चुकीचं पडलं आणि घर्षणांक ०.१२ चा ०.१० झाला. नुसतं एवढंच झालं तर ताकद ३६, तरीही घसरत नाही. तिसरं, क्लच वायरला ढील नाही, लिव्हर न दाबताही ती स्प्रिंगांना किंचित ओढून धरते आणि १०० न्यूटन खाते. नुसतं हे असेल तर ३९, घसरत नाही.

तिन्ही एकदम करा. ७५० गुणिले ०.१० गुणिले ८ गुणिले ०.०४५. उत्तर २७. लागतात ३०. घसरली!

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. मामेभावाच्या कारचं सर्व्हिसिंग झालं, लिटरभर महागडं फुल सिंथेटिक ऑइल उरलं, चांगलं आहे म्हणून मी ते बाइकमध्ये टाकलं. कारचा क्लच कोरडा असतो, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही, म्हणून कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं बिनधास्त घालता येतात, त्याने मायलेज सुधारतं. या रसायनांचे लांब लांब रेणू असतात, एक टोक धातूला चिकटतं आणि तेलकट शेपूट वर उभं राहतं, भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत रोपं उभी असतात तसं. दोन पृष्ठभागांच्या टेकड्या एकमेकींना भिडायच्या आधी ही शेपटं एकमेकांवरून सरकून जातात. सिलिंडरमध्ये हे वरदान, क्लचमध्ये नुकसान.

इथे थोडं खोलात जातो. क्लच सोडताना प्लेटांमध्ये आधी तेलाचा जाड थर असतो, प्लेटा एकमेकींना शिवतच नाहीत, तेव्हा ओढ फक्त तेलाच्या चिकटपणाची. मग दाबाने तेल प्लेटेवरच्या खाचांमधून बाहेर पळतं, थर पातळ होतो, काही टेकड्या भिडायला लागतात, आणि शेवटी जवळपास सगळा भार टेकड्यांवर आणि त्यांच्यावरच्या रेणूंच्या थरावर येतो. वेग, चिकटपणा आणि दाब यांच्यानुसार घर्षण कसं बदलतं याचा आलेख जर्मनीच्या स्ट्रीबेकने १९०२ च्या सुमारास काढला, आणि क्लच दर वेळी जुळताना त्या आलेखावर उजवीकडून डावीकडे प्रवास करतो. या प्रवासात घर्षण शेवटी एकदम वाढलं तर गाडी निघताना थरथरते, आणि शेवटी हवं तेवढं झालंच नाही तर जोराच्या वेळी सुटते. म्हणजे तेल बनवणाऱ्याला सरकतानाचं घर्षण आणि थांबल्यावरचं घर्षण दोन्ही सांभाळावं लागतं. म्हणूनच जपानमध्ये १९९८ मध्ये मोटरसायकलच्या तेलासाठी जासो हे वेगळं मानक निघालं, त्यात या दोन्ही घर्षणांची चाचणी असते. डब्याच्या मागे बारीक अक्षरात एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते गिअरच्या बाइकचं तेल, एमबी असेल तर कमी घर्षणाचं, गिअरलेस स्कूटरला चालणारं. किमतीपेक्षा ही दोन अक्षरं महत्त्वाची. आणि "इंजिनचं घर्षण जवळपास शून्य" म्हणून ज्या छोट्या बाटल्या विकतात त्या ओल्या क्लचच्या गाडीत कृपा करून ओतू नका, तुमचा क्लच घर्षणावरच जगतो.

एक शंका बरेच जण काढतात, पहिल्या गिअरमध्ये जास्त ताकद असते तर मग गाडी चौथ्यातच का घसरते? क्लच गिअरबॉक्सच्या आधी बसतो, त्यामुळे कुठलाही गिअर असो त्याच्यावर इंजिनचाच टॉर्क येतो. पण पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे भराभर वाढतात, टॉर्कचा काही भाग क्रँक आणि मॅग्नेट या इंजिनच्याच फिरणाऱ्या भागांची गती वाढवण्यातच जातो, आणि दोन सेकंदांत आपण गिअर बदलतो. चौथ्यात चढावर फेरे वाढतच नाहीत, सगळाच्या सगळा टॉर्क क्लचमधून जातो आणि जातच राहतो. म्हणून तपासायचं तर चौथ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर एकदम मूठ पिळून पाहावं, आवाज चढला आणि स्पीड चढला नाही की समजायचं.

अर्ध्या क्लचचंही सांगतो, कारण व्हेरायटी चौकात दर सिग्नलला हे दिसतं. लिव्हर अर्धा दाबून गाडी पुढेमागे डुलवत ठेवणारे लोक. समजा १० न्यूटन-मीटर टॉर्क जातोय आणि दोन बाजूंच्या वेगात मिनिटाला साडेनऊशे फेऱ्यांचा फरक आहे, तर प्लेटांमध्ये १००० वॅट उष्णता तयार होते, घरातल्या इस्त्रीएवढी. पोलादी प्लेटांचं वजन २०० ग्रॅम धरलं आणि तेलाने काहीच उष्णता नेली नाही असं मानलं तर सेकंदाला १० अंशांच्या वर तापमान चढतं. तेल बरीच नेतं म्हणून आपण वाचतो, पण मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना तेल आधीच तापलेलं असतं.

उघडलं तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. एका पोलादी प्लेटेवर दोन बोटांएवढा डाग होता, कडेला गव्हाच्या काडाचा पिवळा आणि मध्ये निळा. हा रंग म्हणजे घाण नाही, पोलाद तापलं की वर ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो आणि त्याच्यावर प्रकाशाची तीच करामत होते जी पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसते. थराची जाडी तापमानावर ठरते, पिवळा साधारण २२० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. म्हणजे ती प्लेट स्वतःचं तापमान स्वतःवर लिहून बसली होती. काचेवर ठेवून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, ०.२ मिलिमीटरची पत्ती घातली तर आरपार गेली, प्लेट वाकडी. तेवढी एक बदलली. घर्षण प्लेटा व्हर्नियरने मोजल्या, झिजलेल्या होत्या पण मॅन्युअलच्या मर्यादेच्या आत, बाकी पोलादी प्लेटांना बारीक पॉलिश पेपर मारला, सगळं धुतलं आणि घर्षण प्लेटा रात्रभर एमए२ तेलात भिजत ठेवल्या, कारण ते मटेरियल सच्छिद्र असतं आणि कोरडं बसवलं तर पहिल्याच दिवशी जळू शकतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता तर शेजारच्या काकांनी सांगितलं शनिवारी लोखंडाचं काम करू नका, अपशकुन होतो. त्यांच्याबद्दल मला आदर आहे पण पोलादाला वार कळत नाही, त्याला दाब आणि तापमान कळतं, म्हणून शनिवारीच बसवलं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत कसले, कव्हरचं पॅकिंग नवीन टाकलं, आणि लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढील ठेवली. ही ढील महिन्यातून एकदा पाहत जा, प्लेटा झिजतात तशी ती कमी होते आणि वायर ताणली जाते तशी वाढते, दोन्ही एकदम चालू असतं.

पाचशे किलोमीटरवर ते तेलही बदललं, जुन्याचा अंश निघून जावा म्हणून. सेमिनरी हिल्सच्या चढावर बायकोला बसवूनच नेलं, चौथ्यात मूठ पिळली, आवाज आणि स्पीड सोबतच चढले. सिग्नलला न्यूट्रल मात्र अजून पटकन सापडत नाही. उघडलं तेव्हा बास्केटच्या बोटांवर प्लेटांच्या दातांनी पाडलेल्या खाचा दिसल्या होत्या, नखाला लागतील एवढ्या, प्लेट सुटताना त्यात अडकत असणार. त्या कानशीने सारख्या करायच्या की बास्केटच बदलायचं, हे पुढच्या वेळी कव्हर उघडेन तेव्हा खोली मोजून ठरवेन.