६१ सिग्नी: अंतर मोजलं गेलेला पहिला मंद तारा

ऑक्टोबरात पाऊस उघडला की रात्री आठच्या सुमारास हंस तारकासमूह जवळजवळ माथ्यावर असतो. देनेब, हंसाच्या छातीवरचा गॅमा आणि आग्नेयेच्या पंखातला एप्सिलॉन हे तीन तारे घेऊन समांतरभुज चौकोन पुरा करा. गॅमाच्या समोरच्या कोपऱ्यावर येतो तो ६१ सिग्नी. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) जेमतेम ५. शहरातून नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण दुर्बिणीत दोन नारिंगी ठिपके दिसतात, ५.२ आणि ६ प्रतीचे, एकमेकांपासून सुमारे ३१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दूर. १० पटींची द्विनेत्री तिकाटण्यावर बसवली तरच ते सुटे होतात, हातात धरली की थरथरीने एकच ठिपका उरतो.

याच्याकडे लक्ष वेधलं ते इटलीतल्या पालेर्मोच्या खगोलशास्त्रज्ञ पियाझीने, १८०४ मध्ये. हा तारा आकाशात वर्षाला ५ विकलांहून जास्त सरकतो. त्या काळी माहीत असलेल्या ताऱ्यांत एवढा वेग कुणाचाच नव्हता, म्हणून त्याला ‘उडता तारा’ म्हणू लागले. पूर्वी अनेकांनी तेजस्वी तो जवळचा असं धरून पराशय शोधला होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा वर्षभरात किंचित मागेपुढे झालेला दिसतो, तो पराशय; त्यावरून अंतर काढता येतं. पण तेज फसवतं: शेजारचा झळाळता देनेब हजाराहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. जवळचा तारा ओळखायची खरी खूण म्हणजे त्याचं सरकणं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने अंतर मोजायला हा मंद तारा निवडला तो यामुळेच.

अडचण होती ती मोजण्याची. १७२० च्या दशकात इंग्लंडचा ब्रॅडली पराशय शोधायला गेला आणि त्याला सापडलं प्रकाशाचं अपेरण (पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्याची जागा सरकलेली दिसणं), २० विकलांचं. हवेतलं वक्रीभवन आणि यंत्राचं वाकणं हेही पराशयापेक्षा मोठं असायचं. बेसेलने म्हणून ताऱ्याची जागा मोजलीच नाही. जवळच दिसणाऱ्या, पण खूप दूरच्या दोन अंधुक ताऱ्यांपासूनचं अंतर तेवढं मोजलं. हवा दोघांना जवळजवळ सारखीच फसवते, मग फरकात बहुतेक चूक निघून जाते.

कोनिग्सबर्गच्या वेधशाळेत बेसेलकडे फ्राउनहोफरच्या कारखान्यातला हेलिओमीटर होता. सुमारे १६ सेंटीमीटरचं वस्तुभिंग मधोमध कापून दोन अर्धी केलेली, आणि ती स्क्रूने एकमेकांवरून सरकायची. प्रत्येक अर्ध आपली वेगळी प्रतिमा देतं. एका अर्धातला अंधुक तारा दुसऱ्या अर्धातल्या ६१ सिग्नीच्या जोडीच्या बरोबर मधे आणायचा आणि स्क्रूवरचा आकडा वाचायचा. एका रात्री हे पुन्हा पुन्हा करायचं. इथे घात करतं ते तापमान: थंडीत धातू आकसतो, उन्हाळ्यात फुगतो, आणि ही चूकही वर्षाच्या चक्राने येते, म्हणजे हुबेहूब पराशयासारखी. तापमानाची दुरुस्ती लावल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थच नव्हता.

ऑगस्ट १८३७ पासून वर्षभर निरीक्षणं करून १८३८ मध्ये बेसेलने पराशय सांगितला, ०.३१३६ विकला. दहा रुपयांचं नाणं सुमारे १८ किलोमीटरवरून एवढंच दिसेल. अंतर निघालं साधारण १०.३ प्रकाशवर्षं. आजचा आकडा ०.२८६ विकला, म्हणजे ११.४ प्रकाशवर्षं. स्ट्रूव्हने अभिजितचं आणि हेंडरसनने आल्फा सेंटॉरीचं मापनही त्याच सुमारास जाहीर केलं, पण खगोलशास्त्रज्ञांची खात्री पटली ती बेसेलच्या आकड्यांनी.

घरच्या दुर्बिणीतून पराशय दिसणार नाही, पण सरकणं दिसतं. ५० पटींच्या आसपास जोडी आणि मागचे अंधुक तारे कागदावर नीट उतरवून तारीख घाला. दहा वर्षांत ही जोडी ईशान्येकडे सुमारे ५२ विकला गेलेली असते, म्हणजे तिच्या स्वतःच्या दोन ताऱ्यांमधल्या अंतराहूनही जास्त.