हिमेजी किल्ला बघायला जाताय? मग घोडं कुठे अडतं ते आधी वाचा

जपानमधला हिमेजीचा पांढरा किल्ला, मुख्य इमारत १६०९ ची, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत. तिकीट दारात मिळतं, त्याचं टेन्शन नको. माणसं अडकतात ती त्याच्या कितीतरी आधी, व्हिसाच्या कागदांत.

पासपोर्ट, फॉर्म, फोटो, बँक स्टेटमेंट, आयटीआर हे सगळेच देतात. खोट निघते ती रोजच्या कार्यक्रमाच्या कागदात. लोक लिहितात "ओसाका, हिमेजी, क्योटो फिरणार" की झालं! असं नाही चालत हो, कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, हॉटेलचं नाव, पत्ता, फोन सगळं तारीखवार पाहिजे आणि विमानाच्या तारखांशी जुळलंही पाहिजे. हिमेजी ओसाकाहून एका दिवसात होतं, तेव्हा त्या रात्रीचा मुक्काम ओसाकाच लिहा.

दुसरा घोळ मुदतीचा. एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून ३ महिन्यांत जपानमध्ये पोचायचं असतं, तिथे किती दिवस राहायचं ते वेगळं. एप्रिलमधला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचा म्हणून हौसेने डिसेंबरात व्हिसा काढून ठेवला तर तो मार्चमध्येच संपणार, आणि वाढवून मिळत नाही. आणि नाकारला गेला तर त्याच कारणासाठी ६ महिने परत अर्ज घेत नाहीत, म्हणून घाई नको.

ई-व्हिसा असेल तर विमानतळावर मोबाइलवर नेट चालू ठेवून व्हिसाचं ऑनलाइन पान तिथल्या तिथे उघडून दाखवायचं. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट काहीच चालत नाही. आपण प्रत्येक गोष्टीच्या तीन झेरॉक्स काढणारी माणसं, आपल्याला हे पटतच नाही, पण रोमिंग किंवा ई-सिम निघायच्या आधीच चालू करून बघा.

आता किल्ला. मार्च २०२६ पासून बाहेरच्यांना तिकीट २५०० येन, हिमेजी शहरात राहणाऱ्यांना १०००, १८ च्या आतल्यांना फुकट. टोकियोत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींनो, रेसिडेन्स कार्ड असलं तरी त्यावर पत्ता हिमेजीचा लागतो, उगाच काउंटरवर वाद घालू नका. बंद व्हायची वेळ ५ ची असली तरी आत शेवटचा प्रवेश ४ लाच, हे न वाचता सव्वाचारला धापा टाकत पोचणारे खूप. २९, ३० डिसेंबरला बंद.

आत बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यायचे, मोजे धड असू द्या. आईबाबा बरोबर असतील तर मुख्य इमारतीत लिफ्ट नाही, जिने अगदी शिडीसारखे उभे. गुडघे दुखत असतील त्यांनी खालच्या सान्नोमारू मैदानातून किल्ला बघावा, तिथे तिकीट लागत नाही.