चिवट जैव-सिरॅमिक

चिवट जैव-सिरॅमिक : हाडाच्या किंवा सांध्याच्या जागी बसवण्यासाठी बनवलेले आणि तडा पसरू नये अशी अंतर्रचना मुद्दाम दिलेले सिरॅमिक पदार्थ. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड), झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड), या दोहोंची मिश्रणे, काच-सिरॅमिके आणि कॅल्शियम फॉस्फेटाचे काही संमिश्र पदार्थ यांत मोडतात. दातांवरील झिर्कोनियाच्या कॅपचा विचार या नोंदीत केलेला नाही.

सिरॅमिक दाब उत्तम सोसते, ओढ मात्र फार कमी सोसते. धातूत तड्याच्या टोकाशी ताण साचला की स्फटिकातील थर एकमेकांवरून सरकतात आणि टोक बोथट होते. सिरॅमिकमधील आयनिक व सहसंयुजी बंध असे सरकू देत नाहीत. म्हणून भट्टीत भाजताना आत राहिलेले एखादे सूक्ष्म छिद्रही तुकडा फुटायला पुरते. दोषाचा आकार आणि फुटण्याचा ताण यांचा संबंध ग्रिफिथ यांनी १९२०–२१ च्या सुमारास काचेवरील प्रयोगांतून मांडला. तड्याला होणारा विरोध, म्हणजे चिवटपणा, मेगापास्कल-√मीटर या एककात सांगतात. दाट हायड्रॉक्सिॲपॅटाइटचा (हे एक कॅल्शियम फॉस्फेट) चिवटपणा सुमारे १, शुद्ध ॲल्युमिनाचा ४ च्या आसपास, इट्रियायुक्त (इट्रियम ऑक्साइड मिसळलेल्या) झिर्कोनियाचा साधारण ५ ते १०, तर दाट हाडाचा २ ते १२ दिला जातो. हाडाचा आकडा इतका पसरट आहे, कारण तो तड्याची दिशा, ओलावा, वय आणि चाचणीची पद्धत यांनुसार बदलतो. शिवाय हाडात तडा जसजसा पुढे जातो तसतसा त्याला होणारा विरोध वाढतो. त्यामुळे एकाच आकड्यावरून केलेली तुलना जपूनच वापरावी.

हायड्रॉक्सिॲपॅटाइट हे हाडातील खनिजाच्या सर्वांत जवळचे संयुग असूनही ते ठिसूळ आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हाडाचा चिवटपणा खनिजातून येत नाही. खनिज आणि कोलॅजेन (हाडातील तंतुमय प्रथिन) यांच्या मांडणीतून येतो. ऑस्टिऑनांभोवतीच्या (हाडातील नळीसारख्या सूक्ष्म घटकांभोवतीच्या) सीमारेषांपाशी, म्हणजे सिमेंट-रेषांपाशी, तडा वळतो आणि कोलॅजेनचे न तुटलेले तंतू त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात.

आरंभ : शरीरात सिरॅमिक प्रथम कोणी वापरले याविषयी एकमत नाही. ‘सिरॅमिक’ची व्याप्ती किती धरायची यावर उत्तर अवलंबून आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस त्यात घेतले, तर हाडातील पोकळ्या त्याने भरल्याचे जर्मनीतील ड्रेसमान यांचे १८९२ मधील निवेदन आधीचे ठरते. कॅल्शियम फॉस्फेटापासून मोजायचे, तर आल्बी व मॉरिसन यांचे १९२० मधील प्रयोग पुढे येतात. ॲल्युमिनाच्या वैद्यकीय वापराचे जर्मन पेटंट १९३० च्या दशकातील असल्याचे सांगितले जाते, पण त्यावरून प्रत्यक्ष वापर झाला असे म्हणता येत नाही. १९६३ मध्ये स्मिथ यांनी सच्छिद्र सिरॅमिकमध्ये इपॉक्सी रेझिन भरून हाडाला पर्याय सुचवला. चिवटपणा वाढवण्याच्या दृष्टीने हाच खरा पूर्वज मानावा, कारण ठिसूळ सांगाडा व लवचीक भरण यांची जोडी त्यात प्रथम स्पष्ट दिसते. भार सोसणाऱ्या सांध्यापुरते बोलायचे, तर फ्रान्समधील पो येथील शल्यचिकित्सक पिअर बूतँ यांनी १९७० मध्ये वापरलेला ॲल्युमिनाचा खुबा हा आरंभ बहुतेक लेखक मान्य करतात.

बूतँ यांच्या काळातील ॲल्युमिनाचे कण मोठे होते व त्यात अशुद्धीही राहत. खुब्यातील गोळे फुटण्याचे प्रमाण चिंताजनक होते. पुढे कच्ची भुकटी शुद्ध झाली, कण दोन मायक्रॉनांखाली आले आणि गरम अवस्थेत सर्व बाजूंनी दाब देण्याची पद्धत रूढ झाली. वाकबल, म्हणजे वाकवताना फुटण्यापूर्वी सोसलेला ताण, सुमारे ४०० वरून ५५०–६०० मेगापास्कलपर्यंत गेले. चिवटपणा मात्र जवळजवळ तिथेच राहिला. ॲल्युमिनाची प्रत्यास्थता (ताठरपणाचे माप) सुमारे ३८० गिगापास्कल, तर हाडाची ७ ते ३० आहे. या फरकामुळे भार हाडापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून ॲल्युमिना घासणाऱ्या भागांपुरतेच, म्हणजे खुब्याच्या गोळ्यात व वाटीत, वापरात राहिले.

झिर्कोनिया आणि रूपांतरजन्य चिवटपणा : शुद्ध झिर्कोनिया सुमारे ११७०° से. च्या वर चतुष्कोणीय आणि त्याखाली एकनताक्ष रूपात असते; ही स्फटिकरचनेच्या दोन प्रकारांची नावे आहेत. थंड होताना हे रूपांतर होते तेव्हा आकारमान ४ ते ५ टक्के वाढते आणि शुद्ध पदार्थाचे तुकडे होतात. इट्रिया, मॅग्नेशिया किंवा सेरिया मिसळल्यास चतुष्कोणीय रूप नेहमीच्या तापमानालाही टिकते, पण ते अस्थिर असते. तड्याच्या टोकाशी ओढ पडली की आसपासचे कण एकनताक्ष रूपात जातात, फुगतात आणि तड्याच्या कडा दाबून धरतात.

हा गुण १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक व पॅस्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात झिर्कोनियाला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हटले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह होते. पुढच्या उद्धरणांत ते चिन्ह अनेकदा गळाले. चिवटपणा नेमका कशामुळे येतो याबद्दल त्यानंतर वाद झाला. १९७६ मध्ये क्लाउसेन यांनी ॲल्युमिनात अस्थिर झिर्कोनियाचे कण विखरून चिवटपणा वाढवला आणि त्याचे श्रेय कणांभोवती पडणाऱ्या असंख्य सूक्ष्म तड्यांना दिले : मुख्य तड्याची ऊर्जा त्यांत वाटली जाते, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष रूपांतराने निर्माण होणाऱ्या दाबाला महत्त्व देतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी मॅकमीकिंग व एव्हन्स आणि नंतर बुडियान्स्की व सहकारी यांनी रूपांतर-क्षेत्राच्या रुंदीवरून चिवटपणाचे गणित बसवले, आणि ते इट्रियायुक्त बारीक कणांच्या झिर्कोनियाला अधिक लागू पडते. मोठ्या कणांच्या मिश्रणात सूक्ष्म तड्यांचा वाटा नाकारता येत नाही. तरी रोपणासाठीच्या पदार्थांत असे तडे बळ घटवतात आणि पाण्याला आत वाट देतात, म्हणून उत्पादक त्यांच्यावर विसंबत नाहीत.

जे रूपांतर तडा अडवते तेच पदार्थाला जुनाटही करते, म्हणजे काळानुसार कमकुवत करते. दमट हवेत २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान इट्रियायुक्त झिर्कोनियाचा पृष्ठभाग आपोआप एकनताक्ष होतो, असे कोबायाशी व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले. ३७ अंशांना हा वेग नगण्य राहील, असा समज १९८० च्या दशकात खुब्यात झिर्कोनियाचे गोळे वापरले जाऊ लागले तेव्हा होता. गोळे वाफेने पुन्हा निर्जंतुक केल्यास पृष्ठभाग खरबरीत होतो, हे १९९० च्या दशकात लक्षात आले व तसे न करण्याच्या सूचना निघाल्या. २००१ मध्ये फ्रान्समधील सेंट-गोबॅन देमार्केस्त या उत्पादकाचे गोळे मोठ्या संख्येने फुटले आणि ते बाजारातून परत मागवले गेले. बॅच भट्टीऐवजी (एका वेळी एक खेप भाजणारी) बोगदा-भट्टी (तुकडे सतत पुढे सरकत भाजणारी) वापरायला लागल्यानंतरच्या काही खेपांत हा दोष आढळला. सूत्र तेच आणि भुकटीही तीच असताना भाजण्याची रीत बदलल्याने कणांचा आकार व घनता बदलली आणि रूपांतर आतपर्यंत पोहोचले. कारणाचा हा अर्थ सर्वसाधारणपणे स्वीकारला गेला आहे. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) १३३५६ या मानकात नंतर जुनाटपणाची त्वरित चाचणी आली : १३४° से. वाफेत ५ तास ठेवल्यावर एकनताक्ष भाग २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. वाफेतील एक तास म्हणजे शरीरातील किती वर्षे, याचे गणित मात्र उच्च तापमानावरून खाली ओढलेले आहे. दोन ते चार वर्षे असे वेगवेगळे अंदाज आहेत आणि सावध लेखक खालचा धरतात.

यानंतर खुब्यासाठी एकटे झिर्कोनिया मागे पडले आणि क्लाउसेन यांची कल्पना वेगळ्या रूपात पुढे आली. आज प्रचलित असलेल्या मिश्रणात सुमारे ८० टक्के ॲल्युमिना, १७ टक्के झिर्कोनिया आणि भाजताना आतच वाढणाऱ्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटाच्या चपट्या पाती असतात. क्रोमियम ऑक्साइडाने त्याला गुलाबी छटा येते. पाती तडा वळवतात आणि ॲल्युमिनाचा कडक सांगाडा झिर्कोनियाचे कण दाबून ठेवतो. चिवटपणा ६ ते ६·५ च्या घरात जातो. गोळा फुटण्याचे प्रमाण फार घटले असले तरी सिरॅमिक-सिरॅमिक सांध्यातून काही रुग्णांना ऐकू येणारा किरकिर आवाज या मिश्रणानेही संपलेला नाही.

हाडाशी जुळणारी सिरॅमिके : हेंच यांची १९६९ मधील जैवकाच (वजनाने ४५ टक्के सिलिका) हाडाशी रासायनिक बंध करते, पण तिचा चिवटपणा १ च्याही खाली आहे. क्योटो येथे कोकुबो यांनी काचेतच ॲपॅटाइट व वोलास्टोनाइट यांचे स्फटिक वाढवून वाकबल २१५ मेगापास्कल व चिवटपणा सुमारे २ मिळवला. ही सामग्री कण्याच्या मणक्यांसाठी वापरली गेली. हायड्रॉक्सिॲपॅटाइट १९८० च्या दशकापासून धातूवरील लेपाच्या रूपानेच जास्त यशस्वी ठरले, कारण तेथे भार धातू उचलतो.

स्तरित रचना : शिंपल्याच्या मोत्यासारख्या आतल्या थरातील विटांची मांडणी उचलण्याचे प्रयत्न २००६ पासून ठळक झाले. अमेरिकेतील बर्कली येथील संशोधक-गटाने सिरॅमिकची पाण्यातील भुकटी एका दिशेने गोठवून बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये कणांचे थर बसवले. २००८ मध्ये ॲल्युमिनाच्या अशा थरांत ॲक्रिलिक पॉलिमर भरून चिवटपणा सुमारे ३० पर्यंत नेला गेला. २०१४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी पॉलिमर वगळून निव्वळ सिरॅमिक घटकांतून अशी रचना साधली. हे आकडे प्रयोगशाळेतील लहान तुकड्यांचे आहेत. भरलेला पॉलिमर शरीरातील द्रवात वर्षानुवर्षे टिकेल का आणि लाखो वेळा भार पडल्यावर थर सुटतील का, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यांत मिळत नाहीत.