येमेनमधील ‘दयेच्या सुई’ची अफवा
येमेनमध्ये २०२० साली कोरोनाचा रुग्ण रुग्णालयात गेला की त्याला ‘दयेची सुई’ टोचून संपवले जाते, अशी अफवा राजधानी साना शहरात पसरली आणि बराच काळ टिकली. तिला पुरावा मात्र कधीच मिळाला नाही. येमेनच्याच एडन शहरातील ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेच्या केंद्रात ३० एप्रिल ते १७ मे या काळात दाखल झालेल्या १७३ रुग्णांपैकी किमान ६८ जण दगावले हे खरे, परंतु त्यांतील अनेकांना श्वास घेणेही कठीण झाल्यावरच तेथे आणले गेले होते. युद्धामुळे देशातील जेमतेम निम्मी आरोग्यकेंद्रे पूर्णपणे चालू होती आणि व्हेंटिलेटर, प्राणवायू तुटपुंजे होते. त्यात या अफवेच्या धास्तीने (जी समजण्याजोगी होती) लोक घरीच थांबत, आणि उपचारांना आणखी उशीर होई.