पिंग

पिंग : इंग्रजी भाषेतील एक ध्वन्यनुकारी शब्द. बारीक, उंच पट्टीचा व क्षणात विरणारा नाद हा त्याचा मूळ अर्थ. पाणबुडीशोध, टेबल टेनिस व संगणकजाळे या क्षेत्रांत त्याला पारिभाषिक अर्थ लाभले. त्यांपैकी संगणकजाळ्यातील अर्थाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे.

जुन्या इंग्रजीत ‘टोचणे’ या अर्थाचे, लॅटिन ‘पुंगेरे’वरून आलेले एक क्रियापद होते आणि बोलींमध्ये ते ‘पिंग’ या रूपात टिकले. नादवाचक पिंग मात्र त्याहून वेगळा धरला जातो. तो १८३० च्या दशकात, प्रथम बंदुकीच्या गोळीच्या आवाजासाठी आढळतो. उंच नादासाठी ‘इ’ स्वर येणे हे काही इंग्रजीपुरते नाही. मराठीत पैंजण किणकिणतात, तर नाणी खणखणतात. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर याने १९२९ मध्ये ‘मिल’ व ‘माल’ असे दोन निरर्थक शब्द लोकांपुढे ठेवले, तेव्हा बहुतेकांनी ‘माल’ हा मोठ्या वस्तूचा वाचक ठरवला. पिंग-पाँग या जोडीतील स्वरबदलही याच जातीचा.

टेबल टेनिसचे हे नाव इंग्लंडमध्ये १९०० च्या सुमारास व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. ते चिनी असल्याचा समज रूढ असला, तरी तो ग्राह्य वाटत नाही. त्या वेळच्या बॅटी पोकळ असून त्यांवर चामड्याचा पातळ पापुद्रा ताणलेला असे. त्यावर सेल्युलॉइडचा चेंडू आदळला की निघणाऱ्या नादावरून हे नाव पडले, हेच सयुक्तिक दिसते. गोल्फमधील पिंग हे नावही नादातूनच आले : कार्स्टेन सोल्हाइम याने १९५९ मध्ये बनवलेल्या पटरचा, म्हणजे चेंडू हळुवार ढकलण्याच्या काठीचा, चेंडूवर तसा आवाज होई.

पाणबुडी शोधणाऱ्या ‘सोनार’ या यंत्राने पाण्यात सोडलेल्या ध्वनिस्पंदाला पिंग म्हणण्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुळली असावी. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मी. जातो. त्यामुळे प्रतिध्वनी २ सेकंदांनी परतला, तर लक्ष्य सुमारे १,५०० मी. दूर असते. ब्रिटिश यंत्रांत वापरलेला ध्वनी श्रवणमर्यादेच्या वरच्या टोकाजवळचा असे. चालकाच्या कानी पडे ते त्याचे खालच्या पट्टीत उतरवलेले रूप. येथे शब्दाने ज्याची नक्कल केली, तो नादच यंत्राने घडवलेला होता.

संगणकजाळ्यात प्रतिध्वनी-विनंती व प्रतिध्वनी-उत्तर हे संदेश सप्टेंबर १९८१ च्या आयसीएमपी या, जाळ्यातील नियंत्रण-संदेशांच्या, प्रमाणकात आले. त्यांचा वापर करून दुसरे यंत्र जागे आहे का व उत्तराला किती वेळ लागतो, हे पाहणारी आज्ञावली माइक म्यूस याने डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिली. ‘पिंग’ हे ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’चे, म्हणजे जाळ्यात पुडके पाठवून चाचपणाऱ्याचे, लघुरूप असल्याचे पुष्कळ पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. हा विस्तार संगणकजाळ्यांचा तज्ज्ञ डेव्हिड मिल्स याने सुचवल्याचे खुद्द म्यूसनेच नोंदवले आहे. आपण मात्र नाव सोनारच्या नादावरून ठेवले, असे तो स्पष्ट म्हणतो. महाविद्यालयात त्याने सोनार व रडार यांच्या प्रतिमानांवर काम केले होते आणि आज्ञावलीची पद्धतही सोनारचीच आहे : संदेश सोडायचा, प्रतिध्वनीची वाट पाहायची, वेळ मोजायची. कर्त्याची साक्ष व कामाची रीत जुळत असताना लघुरूपाचा विस्तार मागाहूनचा मानणे योग्य. अशा विस्तारांविषयी सावध राहण्यास आणखी एक कारण आहे. सोनारचे ब्रिटिश नाव ‘अ‍ॅस्डिक’ हे एका समितीच्या आद्याक्षरांवरून पडल्याचे १९३९ मध्ये नौदल खात्याने सांगितले. परंतु त्या नावाच्या समितीचा पुरावा कागदपत्रांत सापडलेला नाही.

‘लहानसा निरोप धाडणे’ हा आजचा अर्थ संगणकातूनच पसरला. मराठीत तो ‘पिंग करणे’ या संयुक्त क्रियापदाने येतो. टणकन, खणकन यांप्रमाणे ‘पिंगकन’ असे क्रियाविशेषण रूढ नाही. मराठीने हा शब्द नाद म्हणून नव्हे, तर कृतीचे नाव म्हणून घेतला आहे.